कुत्री-मांजरं सांभाळून महिन्याला थोडे जास्तीचे पैसे मिळतील का?

वडगावकरीण:

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या. मी पुण्यात वडगाव बुद्रुकला राहते, वय ३९. एका कारखान्यात अकाउंट्सला होते पण मागच्या वर्षी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात पण दिवसभर एकटं ठेवता येत नाही म्हणून मी नोकरी सोडली. मिस्टरांचा पगार आहे, खायचे वांधे नाहीत, पण मुलगा आठवीत गेलाय, त्याचा क्लास आणि सासूबाईंची फिजिओथेरपी धरली की महिन्याला पाच-सहा हजार कमी पडतात आणि तेवढे मला माझ्या हाताने मिळवायचेत.

झालं असं की मे महिन्यात शेजारच्या विंगमधले लोक आठ दिवस कोकणात गेले तेव्हा त्यांची मांजर मी बघितली. रोज दोनदा जायचं, खाणं-पाणी करायचं, तिचा लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) साफ करायचा, थोडं खेळायचं आणि यायचं. पैशांचं बोलणं झालंच नव्हतं, त्यांनी येताना आंब्याची पेटी आणली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सहा बिल्डिंगा आहेत, कुत्री-मांजरं भरपूर, बरीचशी जोडपी दोघंही आयटीत, सुट्टी आली की कोणी नागपूरला कोणी बेळगावला गावी जातात आणि जाताना या मुक्या जिवाचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. माझं माहेर सांगलीकडचं, शेतातलं घर, लहानपणापासून दारात दोन-तीन कुत्री कायम, त्यामुळे भीती अजिबात नाही.

तर विचारायचं असं की पैसे किती सांगायचे, प्राणी आपल्या घरी आणून ठेवायचा की त्यांच्या घरी जायचं, मध्येच आजारी पडला किंवा कोणाला चावला तर जबाबदारी कोणाची, आणि सोसायटीवाले काही म्हणू शकतात का. कोणी खरंच हे काम करत असेल तर प्लीज मोकळेपणाने सांगा.

मांजरवेडी:

अगं नक्की कर, पण आधी मी सांगते ते नीट वाच कारण मी कोथरूडला हे सहा वर्षं करतेय आणि पहिल्या वर्षी होतील तेवढ्या सगळ्या चुका केल्यात.

घरी आणून ठेवायचा विचार तू आत्ता सोडूनच दे. तू लिहिलंयस सासूबाई वॉकरवर चालतात. एखादा लॅब्रॅडॉर, तीस किलोचा, दारावरची बेल वाजली की कसा सुसाट धावतो ते बघितलं असशीलच, तो मुद्दाम काही करत नाही पण त्या वॉकरला नुसता धक्का लागला तरी संपलं. ज्यांच्यासाठी नोकरी सोडलीस त्यांनाच पुन्हा ऑपरेशनला न्यायची वेळ यायला नको. त्यापेक्षा लोकांच्या घरी जाऊन येण्याचं काम घे आणि तेही आधी मांजरांचं. मांजर आपली जागा सोडून दुसरीकडे नेली की बिथरते, खात नाही, पलंगाखालून निघत नाही, म्हणून मांजरवाल्यांना घरी येणारंच माणूस हवं असतं आणि ते सहज मिळत नाही. कुत्र्याला माणसाची सोबत लागते, त्याला रात्रभर बंद घरात एकटं ठेवणं मला तरी पटत नाही, आणि तुला रात्री दुसऱ्याकडे झोपायला जाता येणार नाही.

पैशांचं म्हणशील तर मी एका खेपेचे ३०० घेते, त्यात पाऊण तास बसते. औषध द्यायचं असेल तर ५० जास्त, दुसरं मांजर असेल तर १०० जास्त, दिवाळीत आणि ३१ डिसेंबरच्या आठवड्यात ४००. तुला कॉम्प्लेक्समध्येच जायचंय, पेट्रोल नाही, तू २०० पासून सुरू कर. पण पहिल्याच दिवशी आकडा सांग, आणि आंब्याची पेटी आणणाऱ्यांनासुद्धा सांग, गोडीत सांग की मी आता हे काम म्हणून करतेय. ओळखीत एकदा फुकट केलं की मग आकडा तोंडातून निघत नाही. निम्मे आधी आणि निम्मे परत आल्यावर, आणि हे व्हॉट्सॲपवर लिहून.

मिळकत एकसारखी नसते हे मात्र पक्कं डोक्यात ठेव. मला मे महिन्यात १८-१९ हजार मिळालेत आणि जुलैमध्ये बाराशेपण. वर्षाचा हिशोब काढला तर महिन्याला सात हजाराच्या आसपास पडतात. म्हणून मे आणि दिवाळीचे पैसे आले की बाजूला काढून ठेवायचे आणि पावसाळ्यातल्या महिन्यांना ते वापरायचे, नाहीतर फीच्या वेळेला पंचाईत होते.

आता कामाचं. मालक जायच्या आधी एकदा घरी जाऊन यायचंच, अर्धा तास नुसतं बसायचं, मांजर कुठे लपते, खिडक्यांना जाळी आहे का, लिटर कुठे, कपाटाच्या वर काय काय आहे ते बघायचं. खाणं किती आणि कुठलं, लशी कधी झाल्या, डॉक्टर कोण, मालकाचा फोन लागला नाही तर कोणाला करायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरकडे न्यावं लागलं तर न विचारता मी किती रुपयांपर्यंत खर्च करू, हे सगळं लिहून घ्यायचं. माझे एक मालक अमेरिकेच्या विमानात होते, फोन लागायची सोयच नाही, इकडे मांजराला उलट्या सुरू, डॉक्टर म्हणाले रक्त तपासू आणि सलाईन लावू, मी स्वतःचे ४२०० भरले. त्यांनी दिले नंतर, तक्रार नाही, पण ते भरताना माझ्या खात्यात पाच हजारच होते आणि महिन्याची वीस तारीख होती.

आणि रोज दार उघडलं की आधी मांजर स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मग बाकीचं काम. हे मी का सांगतेय ऐक. डहाणूकर कॉलनीत एक करडी भाटी होती, लाजाळू. पहिले दोन दिवस दिसलीच नाही पण बशीतलं खाणं संपत होतं म्हणून मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या खिडकीच्या काचेवर चिखलाचे पंजे दिसले, तेही चांगले मोठे, तेव्हा लक्षात आलं की बाहेरचा बोका येऊन खाऊन जातोय. मग माझे हातपाय गळाले. सगळं घर शोधलं, फ्रिजच्या मागे, वॉशिंग मशीनमध्ये, माळ्यावर. शेवटी पंखा बंद केला, फोन बंद केला आणि हॉलच्या मध्ये जमिनीवर गप्प बसून राहिले. पाच-सात मिनिटांनी अगदी बारीक, कोणी नखाने पुठ्ठा खरवडतंय तसा आवाज आला, दिवाणातून. मालकीणबाईंनी निघायच्या गडबडीत दिवाण उघडून बॅग काढली होती तेव्हा ती आत शिरली होती आणि वरून फळी बंद. जिवंत होती गं, पण मान धरवत नव्हती. त्या दिवसानंतर मी मांजर बघितल्याशिवाय चपलासुद्धा काढत नाही.

किल्लीला कधी पत्ता किंवा फ्लॅट नंबर लावायचा नाही, फक्त मांजराचं नाव लिहायचं. आणि मांजराचे फोटो मालकांना रोज पाठवायचे पण स्वतःच्या स्टेटसला टाकायचे नाहीत, ते घर रिकामं आहे हे आपण जगाला कशाला सांगायचं.

टेकडी_रोज_पहाटे:

ताई, वरच्या ताईंनी मांजरांचं छान सांगितलंय, मी कुत्र्यांचं सांगतो. मी बँकेतून रिटायर झालो, रोज पहाटे माझी कुत्री घेऊन वेताळ टेकडीवर जायचो. ती चौदा वर्षांची होऊन गेली, त्यानंतर दोन महिने मला टेकडीच चढवेना. मग शेजारच्यांनी विचारलं आमचा नेता का. आता तीन घरची तीन कुत्री सकाळी फिरवतो, महिन्याला प्रत्येकी २५०० रुपये, एक खेप चाळीस मिनिटांची.

तुम्हाला दर महिन्याला ठरलेले पैसे हवेत ना, मग हेच बघा. सुट्टीतली कामं हंगामी, पण फिरवणं बारा महिने. तुमच्याच कॉम्प्लेक्समधली दोन कुत्री धरली, सकाळी मिस्टर घरी असताना सहा ते साडेसात, की पाच हजार झाले आणि सासूबाई एकट्या राहिल्या नाहीत. पण एका वेळी एकच न्यायचं. दोन-दोन पट्टे हातात धरून चालणारे खूप दिसतात, समोरून भटकी कुत्री आली की त्यांची जी ओढाताण होते ती बघवत नाही.

माझ्या हातून एकदा एक सुटलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या हातून सुटणार नाही. एरंडवण्यातली गावठी कुत्री, रस्त्यावरून उचलून आणलेली, स्वभावाने अतिशय गरीब पण आवाजाला भिणारी. ऑगस्टचा महिना, नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो ते माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हात्रे पुलाच्या अलीकडे होतो आणि पन्नासेक ढोल एकदम वाजले. तिने मागे झटका दिला, मान खाली घातली आणि गळ्यातला पट्टा टोपी काढावी तसा निघून माझ्या हातात राहिला. ती पळाली. मी हाका मारत तीन तास डीपी रोड, कर्वे रोड पालथा घातला, मालकाला फोन करताना माझा हात थरथरत होता. रात्री साडेनऊला त्यांच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, त्यांच्याच गाडीखाली सापडली. मालक एक शब्द बोलले नाहीत, त्यांनी मला आधी पाणी दिलं. तेव्हापासून मी छातीचा हार्नेस आणि गळ्याचा पट्टा दोन्ही घालतो आणि दोरी दोन्हींत अडकवतो, मालक म्हणाले गरज नाही तरी. गळ्याच्या पट्ट्यात दोनच बोटं जावीत इतपत घट्ट हवा. पट्ट्यावर मोबाईल नंबरचा बिल्ला हवा, आणि गणपतीत फिरायच्या वेळा बदलायच्या.

उन्हाचंही आहे. मार्च ते मे सकाळी आठच्या आत परत यायचं. डांबरावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंज्यालाही नाही. पग आणि तसली चपट्या नाकाची कुत्री तर उन्हात फार लवकर धापा टाकतात, त्यांना उगाच चालवू नका.

शेरूची_आई:

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे आम्ही सांभाळायला देणारे. आम्ही वाकडला राहतो, शेरू आठ वर्षांचा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा. मागे एका पेट सिटरला पाच दिवसांसाठी घरी यायला सांगितलं होतं, बोलणं एकदम छान, फोटो यायचे, मेसेज यायचे. परत आल्यावर वॉचमनने सांगितलं की तुमच्याकडे रोज वेगवेगळी मुलं येत होती. म्हणजे आमच्या घराची किल्ली आम्ही कधी न बघितलेल्या तीन माणसांच्या हातात होती आणि शेरूला रोज नवीन माणूस. तो मला बघून नाचला नाही, नुसता येऊन माझ्या पायावर डोकं ठेवून पडला. तो दिवस मी विसरलेले नाही.

त्यामुळे ताई, तुम्हाला कोणी विचारलं तुमच्याकडे काय सर्टिफिकेट आहे, तर अजिबात दबून जाऊ नका. आम्हाला सर्टिफिकेट नको असतं. मी सांगितलंय ते माणूस, सांगितलेल्या वेळेला, स्वतः आलं पाहिजे, एवढंच. आता आमच्याकडे ज्या काकू येतात त्यांना इंग्लिश औषधांची नावं वाचता येत नाहीत, मी गोळ्यांच्या पाकिटांवर लाल आणि निळं स्केचपेन लावून ठेवते, सकाळची लाल, रात्रीची निळी. पण मागच्या वेळी त्यांनीच फोन केला की शेरू जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबतोय, उजवा मागचा पाय आधी टाकत नाहीये. आम्हाला घरात राहून दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी एक्सरे काढला, खुब्याचं दुखणं निघालं, वेळेत औषध सुरू झालं. अशा माणसाला मी दिवसाला ७०० काय ९०० पण देईन, आणि देतेच.

एक विनंती आहे, काही चुकलं तर लपवू नका. भांडं फुटलं, उलटी झाली, जेवला नाही, लगेच सांगा. जेवला नाही हे आम्हाला त्याच दिवशी कळलं तर आम्ही काहीतरी करू शकतो.

ठाणेकर_मदतनीस:

मी ठाण्यात जनावरांच्या दवाखान्यात ११ वर्षं मदतनीस आहे, डॉक्टर नाही, पण टेबलावर धरायला मीच असतो. सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे मालक नाही तर सांभाळणारं माणूस प्राणी घेऊन येतं आणि बऱ्याचदा एक दिवस उशिरा येतं, म्हणून लिहितोय.

बोका असेल आणि तो लिटरमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कळ काढतोय, ओरडतोय पण शू होत नाहीये किंवा थेंबच येतोय, तर त्याला बद्धकोष्ठ झालाय असं समजून थांबू नका. लघवीची वाट बंद झालेली असते, तेव्हा त्याच दिवशी, रात्र असली तरी न्यायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत जीव जाऊ शकतो. म्हणून लिटर साफ करताना शूचे ओले गोळे मोजायची सवय लावा, रोज साधारण किती निघतात ते मालकाला आधीच विचारा. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर तेही थांबण्यासारखं नाही, विशेषतः जाड मांजर, लिव्हरवर येतं. आणि मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, तिच्यासाठी ते विष आहे, अर्धी गोळी दिलेली मांजरं आम्ही गमावलीत. मांजराच्या घरात फरशीला फिनेल पण नको, ती पाय चाटते.

कुत्र्यांना कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे नकोत. बेदाणे लोक विसरतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे मोजकेच असतात पण कोणी प्रसाद म्हणून वाटीभर घातला की झालं. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं ते पण फार वाईट. तुम्ही स्वतःच्या घरून काही नेऊ नका, मालकाने ठेवलेलंच द्या. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरमच लागतं, त्यामुळे हात लावून ताप ठरवू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे मुंबई-ठाण्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार असतो, उंदराच्या लघवीच्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही. तुंबलेल्या पाण्यातून फिरवू नका, शू साफ करताना ग्लोव्हज घाला. गोचिड्या पण बघा, कानाच्या आत आणि पंज्याच्या बोटांमध्ये, तापाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. पिल्लाच्या लशी पूर्ण नसतील आणि तुम्ही चार घरी फिरत असाल तर ते काम घेऊच नका. पार्वो, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या आजाराचा विषाणू, बुटाच्या तळव्यावरून जातो, महिनोन्महिने टिकतो आणि नुसत्या फिनेलने मरत नाही, त्याला ब्लीचचं पाणी लागतं.

आता तुमचं स्वतःचं. हे काम करायचं असेल तर रेबीजची आधी घ्यायची लस घेऊन ठेवा, तीन डोस असतात, पहिल्या दिवशी, सातव्या आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. चावलं किंवा नुसतं ओरखडून रक्त आलं तरी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि लगेच दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आधी लस घेतलेली असेल तर पुढे दोनच डोसवर भागतं. कुत्रं लस दिलेलं आहे, घरातलं आहे, ओळखीचं आहे म्हणून टाळणारी माणसं बघितलीत मी. टाळू नका.

परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, आमच्याकडे सगळ्यांना माहिती असतं तसं तुमच्या भागात रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते आधीच शोधून स्वतः जाऊन बघून या. रात्री दोन वाजता मॅपवर शोधू नका.

नियमांचं_बघा:

जबाबदारी कोणाची विचारलंत म्हणून थोडं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे (आधी भादंविमध्ये २८९ होतं), प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने माणसाला इजा होऊ नये एवढी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लक्षात घ्या, मालक नव्हे, ताब्यात असलेला. म्हणजे पट्टा तुमच्या हातात असेल तेव्हा तो प्रश्न तुमचाही आहे. चावण्याची सवय आहे का हे मालकाकडून लेखी घ्या, त्यांनी लपवलं तर निदान तुमच्याकडे मेसेज असेल. रेबीजच्या लशीच्या पुस्तकाचा फोटो आणि महापालिकेच्या परवान्याचा फोटो फोनमध्ये ठेवा.

सोसायटीचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटी ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण त्या पाळणाऱ्यांसाठी आहेत. फ्लॅटमध्ये चार परकी कुत्री ठेवून पैसे घ्यायला लागलात तर कमिटी व्यावसायिक वापर म्हणून आक्षेप घेऊ शकते. लोकांच्या घरी जाऊन करताय तोवर तो प्रश्न येत नाही.

आणखी एक, कोणी पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट किंवा स्टार कासव सांभाळायला दिलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते पाळणंच गुन्हा आहे, आठ दिवसांसाठी तुमच्या घरात असलं तरी. बजरीगर चालतात, ज्यांना आपण सगळे लव्हबर्ड म्हणतो ते.

लीड्सकर:

इथे इंग्लंडमध्ये हे काम आपली बरीच मुलं-मुली करतात म्हणून मध्येच लिहितेय, कोणी इकडे येणारं वाचत असेल तर. स्टुडंट व्हिसावर असाल तर हे करू नका, त्या व्हिसावर स्वतःचा धंदा करायला परवानगी नाही आणि कुत्री फिरवून पैसे घेणं हा धंदाच धरतात, चार पैशांसाठी व्हिसा धोक्यात येतो. नोकरी म्हणून मर्यादित तास काम करता येतं ते वेगळं. आणि धंदा म्हणून कुत्री स्वतःच्या घरी ठेवून घ्यायची तर २०१८ च्या नियमांप्रमाणे कौन्सिलचं लायसन्स लागतं, त्यांचा माणूस घर बघायला येतो. वडगावकरीण, तुमच्याकडे हे नाहीये पण त्यातली एक गोष्ट मी माझ्या आईला पुण्यात करायला लावली, प्रत्येक प्राण्याची एक वही. काय खाल्लं, किती वेळा शू-शी, काय वेगळं वाटलं, तारीख-वेळ टाकून. डॉक्टर पहिलं हेच विचारतात.

वडगावकरीण:

सगळ्यांचे इतके मनापासून आभार की काय लिहू. तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, मध्ये कामालाच लागले होते.

घरी ठेवायचं डोक्यातून काढलं. टेकडीवाल्या काकांनी सांगितलं तसं आमच्याच सी विंगमधली एक बीगल सकाळी फिरवायला घेतलीय, २२०० ठरले, हार्नेस मीच त्यांना घ्यायला लावला. रेबीजचे दोन डोस झाले, तिसरा बाकी आहे. आंब्याच्या पेटीवाल्यांना जाऊन सांगितलं, मला वाटलं होतं वाईट वाटेल पण त्या म्हणाल्या बरं झालं सांगितलंत, आम्हाला पुन्हा विचारायला संकोच वाटत होता.

मांजराचं पहिलं पैशांचं काम पाच दिवसांचं झालं, दोन खेपा, २०० प्रमाणे २००० मिळाले. पांढरा बोका, एक डोळा निळा एक पिवळा. पहिले दोन दिवस कपाटाच्या वर, नुसती शेपटी दिसायची, पण मी स्टुलावर चढून रोज त्याचं तोंड बघितल्याशिवाय बाकी कशाला हात लावला नाही. लिटरमधले गोळे मोजून वहीत लिहिले, तीन, तीन, दोन, तीन, चार. चौथ्या दिवशी मी जमिनीवर बसून मटार सोलत होते, घरूनच पिशवी नेली होती म्हणजे तेवढंच काम होतं, तर कधी खाली आला कळलंच नाही आणि एक मटार पंज्याने ढकलत ढकलत दारापर्यंत घेऊन गेला. सासूबाईंना व्हिडिओ दाखवला, त्या आता रोज विचारतात आज कोणाकडे जायचंय.

आता एक अडचण आलीय. याच बोक्याच्या मालकांची मोठी बहीण आहे धायरीत, तिची जर्मन शेफर्ड, त्यांना दिवाळीत सहा दिवस यवतमाळला जायचंय. फटाक्यांना खूप घाबरते म्हणून रात्री तिच्याजवळ कोणीतरी झोपायला हवं. दिवसाला १००० देतो म्हणतायत, म्हणजे सहा हजार. मिस्टर म्हणतात जा, मी आईकडे बघतो, सुट्टी आहेच. पण लक्ष्मीपूजनाला मी घरात नसणार. काय करू?

मांजरवेडी:

मटार वाचून इतकं छान वाटलं गं.

शेफर्डचं नको घेऊस या वर्षी. पैसे चांगले आहेत, मान्य, पण तू रात्रीची कधी राहिलेली नाहीस आणि घाबरलेलं मोठं कुत्रं ही शिकायची जागा नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी एकदा एका डॉबरमनबरोबर बाथरूममध्ये बसले होते, खिडकीला गादी लावलेली, पंखा आणि टीव्ही मोठ्याने, संध्याकाळी सात ते रात्री साडेबारा, तो माझ्या मांडीत शिरायला बघायचा आणि त्याच्या नखांनी माझे दोन्ही हात सोलले होते. तो मला दोन वर्षं ओळखत होता म्हणून निभावलं. ही तुला ओळखतच नाही.

त्यांना सरळ सांग की रात्रीचं मी करत नाही. सांगताना हेही सांग की डॉक्टरांना आत्ताच, दिवाळीच्या तीन आठवडे आधी भेटा, भीतीसाठी औषध देतात आणि ते आधी देऊन बघावं लागतं. कोणी अनुभवी माणूस हवं असेल तर मला मेसेज कर, सिंहगड रोडला एकजण आहेत, त्यांच्याकडे स्वतःच्या दोन शेफर्ड होत्या, मी त्यांना विचारून सांगते. आणि तू तुझ्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर आजच टाक की दिवाळीत मांजरांच्या खेपा घेते, २५० प्रमाणे, सकाळी नऊ आणि दुपारी चारच्या आत, म्हणजे संध्याकाळी तू घरी. चार मांजरं मिळाली ना तरी सहा हजाराच्या वर जाशील. जास्त घेऊ नकोस, सहा बिल्डिंगा असल्या तरी जिने तुलाच चढायचेत.